गिऱ्हाइकाचा पाय ओळखा, मगच पायडल द्या

सायकल घ्यायला आलेले गिऱ्हाईक काय काय पाहते, हे दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते घंटी वाजवते, टायर दाबून पाहते, ब्रेक आवळते, सीटवर दोन थापा मारते आणि रंग पसंत पडला की भाव विचारते. पायडलकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. दुकानदारही त्याला ते दाखवत नाही. कंपनीने पेटीत जी जोडी घालून दिली ती बसवायची आणि सायकल गिऱ्हाइकाच्या हवाली करायची, ही आपली जुनी रीत.

वास्तविक सायकलवर बसल्यावर माणसाचे शरीर तीनच ठिकाणी सायकलला टेकते. हात हँडलला, बैठक सीटला आणि पाय पायडलला. या तिन्हींपैकी सर्वांत जास्त कष्ट पायाला पडतात. घरापासून दुकानापर्यंत तीन-चार किलोमीटर जाताना पाय हजारांहून अधिक वेळा पायडल दाबतो. तेथे जागा अपुरी असेल, पाय घसरत असेल किंवा एक्सल वाकडा असेल, तर तो त्रास दरवेळी थोडा थोडा साठत जातो. महिन्याभराने गिऱ्हाईक म्हणते, "सायकल जड चालते." मग आपण चेनला तेल देतो, हवा भरतो, आणि दुखणे आहे तेथेच राहते.

सायकल दुरुस्तीच्या आणि सुट्या भागांच्या धंद्यात असलेल्या आपल्या कारागीर व व्यापारी बंधूंसाठी आज या एका छोट्या वस्तूची माहिती देत आहोत. वस्तू छोटी असली तरी तिच्यात गिऱ्हाईक टिकवण्याची आणि गमावण्याचीही मोठी ताकद आहे.

एक चुकलेली खरेदी

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने आपल्या साध्या सायकलला नवी पायडले बसवली. जुन्या पायडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. दुकानात चकचकीत अॅल्युमिनियमची, वर बारीक खिळे असलेली जोडी दिसली. दुकानदाराने "एक नंबर माल आहे" म्हटले, आम्ही पैसे मोजले. पायात काय घालता, सायकल कशासाठी वापरता, हे ना त्याने विचारले ना आम्ही सांगितले. आम्ही रोज चपलेवर सायकल चालवणारे. आठ दिवसांत चपलेचा तळ खिळ्यांनी कुरतडला. पहिल्याच पावसात ओल्या चपलेतून पाय सटकला, पायडल उलटे फिरले आणि नडगीवर आपटले. खूण अजून आहे.

शेवटी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. "चाचा, एवढी महाग जोडी घेतली, तरी पाय का घसरतो?" असे विचारले. त्यांनी पायडलकडे पाहिलेच नाही, आधी आमच्या पायाकडे पाहिले. म्हणाले, "बेटा, माल खोटा नाही. हा माल बुटाचा आहे आणि तुमचा पाय चपलेचा." त्यांनी साध्या रबरी ठोकळ्यांची रुंद जोडी बसवून दिली. ती बरीच स्वस्त होती आणि पुढे कितीतरी वर्षे तक्रारीला जागा राहिली नाही. त्या दिवसापासून आमची सायकल दुसऱ्या कोणाच्या दुकानात गेली नाही. धंद्याचे सगळे सार त्या एका वाक्यात आहे.

नगर आणि पायडल

२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण बाजारपेठेत आजही सर्वांच्या तोंडी 'नगर'च आहे. या नगरला पायडल काही नवे नाही. १९७२ साली बाजारात आलेली लूना याच शहरातल्या कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यात तयार होत असे. उद्योगपती ह. के. फिरोदिया यांनी आणलेल्या या छोट्या गाडीला सायकलसारखीच पायडले होती. गाडी स्टँडवर चढवून पायडल मारून सुरू करायची, चढावर इंजिन दमले की पायडलची मदत द्यायची आणि पेट्रोल संपले तर पायडल मारत पंप गाठायचा. सायकलवरून मोटारीकडे जाणाऱ्या मध्यमवर्गाला त्या पायडलने मोठा धीर दिला.

त्या काळात सायकलची दुकाने तासावर सायकली भाड्याने देत. सर्जेपुरा, झेंडीगेट, माळीवाडा, भिंगार, कोणत्याही भागात हवा भरण्याचा पंप आणि पंक्चरची पाण्याची घमेली दिसायचीच. पुढे मोटारसायकली हप्त्यावर मिळू लागल्या आणि भाड्याच्या सायकलींचा धंदा आटला. कित्येक मिस्त्रींची मुले दुचाकीच्या गॅरेजमध्ये गेली. सायकल उद्योगातही उलथापालथ झाली. १९५१ साली सुरू झालेल्या अॅटलस कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला.

मात्र त्याच २०२० साली, टाळेबंदीच्या काळात, देशात सायकलींची मागणी एकाएकी वाढली. व्यायामासाठी सायकल घेणारा नवा वर्ग तयार झाला. नगरमध्ये पहाटे चाँदबीबी महालाकडे सायकलवर जाणारी मंडळी आज दिसतात. दुसरीकडे दूधवाला, फेरीवाला, कामावर जाणारा मजूर आणि शाळेत जाणारी मुलगी हा सायकलचा जुना वर्ग कायमच आहे. या दोन्ही वर्गांची गरज वेगवेगळी आहे, आणि एकाच खोक्यातली जोडी दोघांनाही देऊन भागत नाही.

पायडलची चार घराणी

बाजारात नावे पुष्कळ असली तरी सपाट पायडलचे मुख्य प्रकार चारच धरता येतील.

पहिला प्रकार रबरी ठोकळ्यांचा. काळ्या उभ्या सायकलीला पिढ्यान्‌पिढ्या हेच पायडल आहे. पोलादी सांगाडा आणि त्यात दोन्ही बाजूंना रबराचे ठोकळे. चप्पल, सँडल किंवा अनवाणी पायाला यासारखे सुखाचे दुसरे नाही. वजनाला जड, पण ओझ्याला दणकट. रबर झिजले की तेवढेच बदलता येते. दोष एकच. रबराचे खाच-उंचवटे झिजून ते गुळगुळीत झाले की पावसात पाय घसरतो. तेव्हा "अजून चालेल" म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवू नये.

दुसरा प्रकार प्लास्टिक किंवा नायलॉनचा. यात दोन दर्जे आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत. हलक्या प्लास्टिकचे पायडल बोटांनी पिळले तर वाकते, उन्हात ठिसूळ होते आणि कोपरे तुटतात. चांगले नायलॉन कडक असते, पिळले तरी दबत नाही. त्यावर साच्यातच उठवलेले छोटे उंचवटे असतात, ते चपलेला कुरतडत नाहीत आणि बुटालाही पकड देतात. रोजच्या साध्या वापराला, विशेषतः विद्यार्थ्यांना, चांगल्या नायलॉनची रुंद जोडी सर्वांत सोयीची.

तिसरा प्रकार दातेरी पोलादी कडांचा. याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दाते असतात. बुटाला पकड चांगली, चिखल खाली गळून पडतो. परंतु पाय फक्त दोन अरुंद कडांवर टेकतो. पातळ तळाच्या चपलेतून त्या कडा तळव्याला टोचतात आणि थोड्या अंतरानंतर बोटांना मुंग्या येतात.

चौथा प्रकार अॅल्युमिनियमच्या रुंद पाटाचा, वर छोटे खिळे किंवा स्क्रू असलेला. जाड, सपाट रबरी तळाचे बूट घालणाऱ्याला हा उत्तम. डोंगर-उतारावर, खडबडीत रस्त्यावर पाय जागचा हलत नाही. पण चप्पल, साडी, सलवार किंवा लहान मूल यांच्याशी त्याचे जमत नाही. काही जोड्यांचे खिळे स्क्रूसारखे काढता येतात. गिऱ्हाइकाकडे अशी जोडी आधीच असेल आणि पाय टोचत असतील, तर नवी विकण्याआधी पुढचे-मागचे दोन-चार खिळे काढून पाहावेत.

आराम कशाने मिळतो?

आरामाचा पहिला आधार म्हणजे पायाला टेकायला मिळणारी जागा. पावलाचा सर्वांत रुंद भाग, म्हणजे बोटांच्या मागचा फुगवटा, पायडलवर पुरता मावला पाहिजे. तो बाहेर लोंबत असेल तर सगळा भार पावलाच्या आतल्या बाजूवर येतो. मोठ्या माणसाला साधारण दहा सेंटिमीटर लांब-रुंद पाट पुरेसा होतो. नऊ-दहा नंबरचा बूट घालणाऱ्या उंच माणसाला त्याहून मोठा लागतो, आणि छोट्या पावलाच्या मुलीला उगाच मोठे पायडल दिले तर ते स्टँडला किंवा घोट्याला लागते.

पाय कोठे ठेवावा याचाही जुना नियम आहे. पावलाचा फुगवटा पायडलच्या एक्सलच्या वर आला की जोर चांगला लागतो. मात्र आरामात, हळू चालवणारा माणूस पाय जरा पुढे सरकवून पावलाच्या मध्यावर भार घेतो. त्यात काही चूक नाही, त्याने पोटरीला कमी ताण पडतो. सपाट पायडलचा मोठा गुण हाच की पाय मागेपुढे सरकवता येतो आणि गुडघा आपला कोन आपणच शोधतो. म्हणून वयस्कर माणसाला पाय अडकवून ठेवणारे पट्टे किंवा शर्यतीची पायडले देऊ नयेत.

दुसरा आधार जाडीचा. पायडलचा पाट जाड असला की पाय एक्सलपासून तेवढा वर राहतो आणि गुडघा जास्त दुमडतो. म्हणून पातळ पायडल काढून जाड बसवले तर सीटही तेवढीच वर घ्यावी लागते. ही गोष्ट गिऱ्हाइकाला माहीत नसते आणि ते नव्या जोडीलाच दोष देते. सीटची उंची पाहण्याची सोपी खूण अशी : सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल सर्वांत खाली न्यावे. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे पावलाचा पुढचा भाग ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. ज्याला वारंवार रस्त्यावर पाय टेकावा लागतो त्याची सीट थोडी खाली ठेवावी, पण फार नाही. पायडल आणि सीट दोन्ही ठीक करूनही गुडघा दुखतच राहिला तर गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे जाण्यास सांगावे, दुसरी जोडी विकू नये.

तिसरा आधार फिरण्याचा. जोडी हातात घेऊन एक्सल धरावा आणि पायडल हळू फिरवावे. आत रेती असल्यासारखे खरखरले, अडखळले किंवा पाट डावी-उजवीकडे डुगडुगला तर ती जोडी बाजूला ठेवावी. नवे असूनही घट्ट फिरत असेल तर बहुधा कोन जास्त आवळलेला असतो. टोपी काढून कोन किंचित सैल केला आणि त्यावरची नट पक्की केली की काम होते. स्वस्त जोडीत छर्रे नसतात, नुसती प्लास्टिकची बुश असते. ती उघडून ग्रीस भरता येत नाही, झिजली की फेकायची. छर्रे असलेली जोडी थोडी महाग, पण तिच्यात दरवर्षी ग्रीस भरता येते. याचा अर्थ गिऱ्हाईक वर्षातून एकदा आपल्या दुकानाची पायरी चढते.

आटे : येथे चूक महागात पडते

पायडलच्या धंद्यात सर्वांत मोठे नुकसान आट्यांच्या चुकीने होते, म्हणून हा भाग शागीर्दांना अवश्य वाचून दाखवावा.

मोठ्या सायकलींच्या पायडलचा एक्सल बहुतेक ९/१६ इंचाचा असतो. लहान मुलांच्या काही सायकलींना आणि ज्यांचे दोन्ही क्रँक एकाच सळईचे वाकवून केलेले असतात त्यांना १/२ इंचाचा लागतो. दोन्हींमध्ये इंचाला वीस आटे असतात, त्यामुळे नजरेला फरक पटकन दिसत नाही. बारीक एक्सल मोठ्या भोकात सैल पडतो. मोठा एक्सल बारीक भोकात जोर करून घातला तर क्रँक खलास. म्हणून गिऱ्हाईक नुसते "पायडल द्या" म्हणाले तर जुने पायडल किंवा सायकल पाहिल्याशिवाय माल देऊ नये.

दुसरी गोष्ट. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे सुलटे आणि डाव्याचे उलटे असतात. एक्सलच्या टोकाला इंग्रजी आर आणि एल ही अक्षरे कोरलेली असतात. आर म्हणजे उजवे, म्हणजे चेनच्या बाजूचे, आणि एल म्हणजे डावे. डावे उलटे का, याचे कारण मजेशीर आहे. मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचे बाहेरचे टोक गोल फिरवा. पेन्सिल मुठीत उलट्या दिशेने लोळताना दिसेल. पायाचा भार एक्सलवर असाच गोल फिरत पडतो आणि एक्सल क्रँकमध्ये उलट दिशेने सरकू पाहतो. डाव्या बाजूला साधे आटे दिले असते तर चालता चालता पायडल सुटून रस्त्यावर पडले असते. उलट्या आट्यांमुळे ते चालवताना सुटत नाही.

काढण्या-बसवण्याची खूण दोन्ही बाजूंना एकच आहे. पाना एक्सलवर उभा, दांडा वर करून धरावा. दांडा पुढच्या चाकाकडे ढकलला की पायडल आवळते, मागच्या चाकाकडे ओढला की सुटते. एवढे एक वाक्य पाठ असले की उलट-सुलट विचार करावा लागत नाही.

बसवताना आधी भोक पुसावे, आट्यांना ग्रीस लावावे आणि पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरवावेत. बोटांनी फिरत नसेल तर थांबावे, आटा तिरपा लागला आहे. येथे पान्याचा जोर केला तर पोलादी एक्सल अॅल्युमिनियमच्या क्रँकचे आटे कापून काढतो, आणि छोट्या जोडीसाठी गिऱ्हाइकाला नवा क्रँक घ्यावा लागतो. बोटांनी पूर्ण गेल्यावर १५ मिलिमीटरच्या पातळ पान्याने चांगले आवळावे. काही नव्या जोड्यांना पान्याची जागाच नसते, त्यांना क्रँकच्या मागून ६ किंवा ८ मिलिमीटरची अॅलन की लागते. आठवड्याने पुन्हा एकदा आवळून जाण्यास गिऱ्हाइकाला आवर्जून सांगावे. सैल पायडल तसेच चालवले तरी आटे जातात.

आवाज ऐका, मग निदान करा

"पायडलमधून टक्-टक् येते" अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला नवी जोडी लागतेच असे नाही. आधी क्रँक धरून आडवा हलवावा. पायडल न हलवता क्रँकच डुगडुगत असेल तर दोष कॉटर पिनचा किंवा मधल्या एक्सलचा. दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत नसतील तर कॉटर झिजली आहे. क्रँक घट्ट आणि पायडल तेवढे हलत असेल तर छर्रे किंवा कोन. आणि सायकल उभी करून क्रँक फिरवल्यावर पायडलचा पाट दर फेऱ्याला वरखाली डुलत असेल तर एक्सल वाकला आहे. सायकल पायडलवर आडवी पडली की हे होते. वाकलेल्या एक्सलवर पाय दर फेऱ्याला मुरगळतो, घोटा आणि गुडघा दुखतो. अशा वेळी एक्सल ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. ठोकलेला एक्सल ओझ्याखाली मोडू शकतो. जोडी बदलण्याचा सल्ला द्यावा.

कोणाला काय द्यावे?

आपल्या जिल्ह्यात जमीन आणि रस्ते एकसारखे नाहीत. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या कालव्याच्या व उसाच्या पट्ट्यात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिकट चिखल होतो. तेथे बंद अंगाच्या पायडलमध्ये चिखल भरून बसतो, उघड्या सांगाड्याचे बरे. पाथर्डी, जामखेड, कर्जत या कमी पावसाच्या तालुक्यांत धूळ छर्ऱ्यांपर्यंत पोहोचते. तेथे बाहेरची टोपी नीट बसणारी जोडी द्यावी आणि ग्रीस वेळेवर बदलावे. पाथर्डी रस्त्यावर करंजीचा घाट, संभाजीनगर रस्त्यावर इमामपूरचा घाट. ओझे घेऊन असा चढ चढणारा माणूस पायडलवर उभा राहून सगळे वजन टाकतो, तेव्हा एक्सलची खरी परीक्षा होते.

दूधवाला, भाजीवाला, भंगारवाला यांना पोलादी सांगाड्याची, जाड एक्सलची, रबरी ठोकळ्यांची जोडी. हलके प्लास्टिक कितीही स्वस्त असले तरी देऊ नये.

शाळकरी मुलामुलींना कडक नायलॉनची, खिळे नसलेली, दोन्ही पायडलना पुढे-मागे परावर्तक असलेली. राज्यातील मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्यांची दुरुस्ती शेवटी गावातल्या मिस्त्रीकडेच येते. अंधारात पायडलचा परावर्तक वरखाली हलतो, त्यामुळे मागच्या वाहनाला सायकल लवकर ओळखू येते. केंद्र सरकारने सायकलच्या परावर्तकांसाठी भारतीय मानकाची सक्ती करणारा आदेश २०२० साली काढला. फुटलेला परावर्तक तसाच ठेवून सायकल परत देणे योग्य नव्हे.

पहाटे व्यायामाला जाणाऱ्याला, तो बूट घालत असेल तर, रुंद अॅल्युमिनियम किंवा छोट्या खिळ्यांचे नायलॉन. चप्पल घालत असेल तर आधी बूट घेण्याचा सल्ला, मग पायडल.

वयस्कर गिऱ्हाइकाला रुंद, पातळ, न घसरणारे पायडल आणि सोबत सीटची उंची पाहून देणे. हे दुसरे काम फुकट करावे. त्याची चर्चा मोहल्लाभर होते.

लहान मुलांना गोल कडांचे प्लास्टिक, आणि आटे १/२ की ९/१६ हे मोजूनच.

दुकानाचा हिशेब

लुधियाना हे देशातील सायकल व सुट्या भागांचे सर्वांत मोठे केंद्र. तेथून येणाऱ्या मालात सर्व दर्जे असतात. एकाच दिसणाऱ्या दोन जोड्यांत एकीत छर्रे आणि दुसरीत बुश असू शकते. म्हणून घाऊक खरेदी करताना एक जोडी उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. नाममुद्रेची नक्कल असलेला माल असली म्हणून विकू नये. साधा माल साधा म्हणून विकण्यात कमीपणा नाही. तो सांगून विकला तर गिऱ्हाईक पुन्हा येते.

२२ सप्टेंबर २०२५पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. पक्क्या बिलाने खरेदी करणाऱ्यांनी नवा दर बिलात बरोबर लागला आहे ना, हे तपासावे. कर कमी झाल्याचा फायदा भावात दिसला तर गिऱ्हाइकाला चांगल्या दर्जाची जोडी घ्यायला सांगणेही सोपे जाते.

छोट्या दुकानाला फार साठा लागत नाही. रबरी, नायलॉनची साधी, नायलॉनची रुंद, अॅल्युमिनियमची आणि मुलांची, अशा पाच प्रकारच्या थोड्या थोड्या जोड्या, सुटे रबरी ठोकळे, ५/३२ इंचाचे छर्रे आणि ग्रीसचा डबा. हत्यारांत १५चा पातळ पाना, अॅलन की आणि जमल्यास आटे साफ करण्याचा ९/१६चा उजवा-डावा टॅप. टॅप थोडा महाग पडतो, पण किंचित बिघडलेले आटे वाचवून दिले की गिऱ्हाइकाचा क्रँक वाचतो आणि त्या कामाचे पैसे ते आनंदाने देते.

आता बरेच जण पायडल मोबाईलवरून मागवतात आणि बसवायला आपल्याकडे घेऊन येतात. काही मिस्त्री अशा गिऱ्हाइकावर रागावतात, "जेथून घेतले तेथेच बसवा" म्हणतात. हे शहाणपणाचे नाही. बसवण्याची मजुरी ठरवून घ्यावी, आटे पाहावेत, सीट तपासावी आणि जोडी त्याच्या पायाला योग्य नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. मोबाईलवर फोटो दिसतो, भाव दिसतो. गिऱ्हाइकाचा पाय मात्र मोबाईलला दिसत नाही. तो फक्त समोर बसलेल्या कारागिराला दिसतो. हेच आपले भांडवल आहे आणि ते कोणी कुरियरने पाठवू शकत नाही.

तासावर सायकल देण्याचा जमाना गेला, तो परत येणार नाही. पण सायकल गेलेली नाही आणि ती ओळखणारा हातही अजून आहे. हा हुन्नर नुसता पाना फिरवण्याचा राहिला तर त्याची किंमत घसरत जाईल. विचारण्याचा, पाहण्याचा आणि खरे सांगण्याचा राहिला तर त्याला मरण नाही. तेव्हा उद्या दुकान उघडल्यावर पहिले गिऱ्हाईक पायडल मागायला आले, तर भिंतीवरची जोडी काढण्याआधी एवढेच विचारा, "भाऊ, पायात रोज काय घालता?"